‘या ठिकाणी’ म्हणजे कोणत्या ठिकाणी?

“आज या ठिकाणी मी आपणांस सांगू इच्छितो की...”

आपल्या कोणत्याही सभेत जाऊन बसा. अमरावतीच्या इर्विन चौकात बसा, अकोल्याच्या अशोक वाटिकेत बसा, नाही तर दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळीकडच्या एखाद्या विहाराच्या ओट्यावर बसा. पहिलं वाक्य हेच असतं. दुसऱ्या वाक्यातही ‘या ठिकाणी’ येतं आणि तिसऱ्यातही. वक्ता उभा आहे ते ठिकाण सगळ्यांना दिसतं आहे. ‘सांगू इच्छितो’ म्हणणाऱ्याने इच्छा कळवली, सांगितलं काहीच नाही. मग येतं ‘आपल्या सर्वांना माहीतच आहे’. माहीत हाये त राजा, कायले सांगून रायला? मग ‘खऱ्या अर्थाने’. म्हणजे याआधी जे बोलला ते खोट्या अर्थाने होतं काय? मग ‘कुठेतरी’. अन्याय ‘कुठेतरी’ होतो, समाज ‘कुठेतरी’ कमी पडतो, आपण ‘कुठेतरी’ विचार केला पाहिजे. शेवटी ‘जास्त वेळ न घेता माझ्या दोन शब्दांना पूर्णविराम देतो’. ते दोन शब्द पस्तीस मिनिटं चाललेले असतात.

याला हसून सोडून देता येईल, पण आधी थोडा हिशेब करू. बारा वक्ते. प्रत्येकाने मंचावरच्यांची नावं बिरुदांसकट घ्यायला चार मिनिटं लावली तर अठ्ठेचाळीस मिनिटं गेली. समोर सतरंजीवर बसलेल्या बायांनी दिवसभर सोयाबीन सोंगलं आहे, पहाटे उठून पुन्हा सोंगायचं आहे. ही अठ्ठेचाळीस मिनिटं त्यांच्या झोपेतून कापली. आणि साडेदहाला कोणी मागून उठून विचारलं, की ई-क्लासच्या जमिनीच्या अर्जाचं काय झालं, शिष्यवृत्ती अडकली तिचं काय झालं, तर सूत्रसंचालक म्हणतो, ‘वेळेअभावी’. फुगलेल्या शब्दांनी वेळ खाल्ला आणि प्रश्नाला वेळ उरला नाही. एवढंच असतं तरी या विषयावर लिहायला कारण होतं. पण भानगड याहून मोठी आहे. रिकामा शब्द रिकामा राहत नाही. त्यात दुसऱ्याचा माल येऊन बसतो.

उदाहरण अमरावतीचंच. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचं चवदार तळं झालं होतं, डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन व्हायचं होतं. त्या दोन तारखांच्या मध्ये अमरावतीची ही परिषद येते. आज तिच्याबद्दल आपला वक्ता काय सांगतो? ‘परमपूज्य बाबासाहेबांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या या ऐतिहासिक अंबानगरीच्या पुण्यभूमीत...’ आणि इथून तो पुढच्या मुद्द्याकडे जातो. परिषद कशासाठी होती ते राहिलं, मंदिराचे पंच काय म्हणत होते ते राहिलं, सवर्णांतले कोण सोबत आले, कोण नाही आले तेही राहिलं.

मित्रांनो, नीट ऐका आपण काय बोललो. ‘पदस्पर्शाने पावन’. ज्या देवळाच्या दारात आपल्या माणसाच्या स्पर्शाने विटाळ होत होता, त्याच देवळाच्या शब्दकोशातून आपण हे उचललं. स्पर्शाने जमीन पावन होते म्हणणारा आणि स्पर्शाने जमीन बाटते म्हणणारा एकाच शाळेत शिकलेले आहेत. एका स्पर्शाला पुण्य चिकटवलं की दुसऱ्या स्पर्शाला पाप चिकटवायची सोय आपोआप होते. १९५६ ला धर्म सोडला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि माईक हातात आला की पावन, पुनीत, चरणी नतमस्तक, कृपाशीर्वाद! बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीपासून सावध केलं होतं. ती वाट अधोगतीची आहे, हुकूमशाहीची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या भाषणाचा उल्लेखसुद्धा आपल्याकडे ‘महामानवाच्या चरणी विनम्र अभिवादन करून’ होतो. बोलणाऱ्याला भक्ती करायची नसते. त्याला फक्त वाक्य सुरू करायचं असतं. तयार शब्द हाताशी होता, त्याने घेतला. पण शब्द आपला मालक विसरत नसतो.

हे आपल्याकडे आलं कुठून? आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बोलण्याआधी एक हप्ता भरला आहे. गावातल्या मोठ्या माणसापुढे तोंड उघडायचं तर आधी ‘जोहार’, आधी ‘मायबाप’, आधी कमरेत वाकणं, आणि मग काय ते काम. कामाचं वाक्य एक, वाकण्याची वाक्यं चार. ती चार वाक्यं भरती नव्हती, तो कर होता. लिहिणाऱ्यांच्या जगातही पायऱ्या होत्याच. जुन्या मराठी पत्रात वरती ‘कृ. सा. न. वि. वि.’ असायचं, म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. कोणी कोणाला किती लांब नमस्कार लिहायचा ते माणसाच्या पायरीवर ठरे. हा सगळा जिना आपल्या चळवळीने दोन शब्दांत पाडला. ‘सप्रेम जयभीम’. बापाला तोच, लेकाला तोच, अध्यक्षाला तोच, सतरंजी अंथरणाऱ्याला तोच. ‘जयभीम’ रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिलं जातं, म्हणजे ही आपल्या विदर्भाची कमाई आहे. मराठी गद्यातली ही केवढी मोठी काटछाट आहे, याची नोंद एकाही भाषाशास्त्राच्या पुस्तकात मला दिसली नाही. असो.

जो जिना पाडला तोच आपण माईकसमोर पुन्हा बांधतो. कारण समजण्यासारखं आहे. आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने भाषण ऐकलं ते कोणाचं? पुढाऱ्याचं, हेडमास्तरचं, गॅदरिंगच्या पाहुण्याचं. तो जे बोले ती शिकलेल्याची भाषा, आणि घरात आई जे बोले ती अडाण्याची. वर्गात ‘मले’, ‘तुले’, ‘हाये’ तोंडून निघालं की पोरं हसायची आणि मास्तरही हसायचा. मग पोरगा शिकला की ‘मले’ झाकायचं असेल तर वर ‘या ठिकाणी’ पांघरावं. इस्त्रीच्या सदऱ्यासारखं. आतला बनियन फाटका का असेना, वरचा सदरा कडक पाहिजे. त्या पोराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण आता तो पोरगा पन्नाशीचा झाला, प्राध्यापक झाला, मंडळाचा अध्यक्ष झाला, आणि त्याचं ऐकून विशीतला कार्यकर्ताही तोच सदरा चढवून राहिला. अपमान संपत आला तरी कापड उतरत नाही.

इथे एक गल्लत होऊ शकते, ती आधीच मोडतो. भरतीचे शब्द काढा म्हटलं की काही लोक लगेच गावच्या बोलीवर कात्री घेऊन धावतात. ‘बाप्पा’ काढा, ‘राजेहो’ काढा, ‘मंग’ काढा, ‘आता पाहा’ काढा. नाही. बोलीतले हे टेकू वेगळे. वऱ्हाडी माणूस ‘मंग का झालं’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला सांगतो, की गोष्टीचं पुढचं पाऊल पडतं आहे. ‘राजेहो’ म्हणतो तेव्हा समोरच्यांना सोबत घेतो. ‘बाप्पा’त आश्चर्य असतं, वैताग असतो, माया असते, तीन घरच्या तीन बाया तीन तऱ्हेने म्हणतील. त्या शब्दांमागे बोलणारा उभा असतो. ‘या ठिकाणी’च्या मागे कोणी उभं नसतं.

गाडगेबाबा घ्या. शेंडगावचा माणूस, अमरावती जिल्ह्याचा, परीट घरचा. शाळा शिकलेला नाही. त्यांच्या कीर्तनात तेच तेच किती वेळा येई! नामाचा गजर पुन्हापुन्हा, तेच प्रश्न पुन्हापुन्हा. कागदावर उतरवलं तर एखादा संपादक अर्धं कापून टाकील. पण त्यांच्या शेवटच्या काळातलं मुंबईतलं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे, ते ऐकून पाहा. बाबा विचारतात, लोक उत्तर देतात. उत्तर मिळाल्याशिवाय बाबा पुढे जात नाहीत. गजर येतो तो लोकांना दम खाऊ द्यायला आणि ऐकलेलं डोक्यात उतरू द्यायला. कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, देवापुढे बकरं कापू नका, शिवाशिव पाळू नका, हे सगळं त्या प्रश्नोत्तरांतून समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. एवढी पुनरुक्ती असून त्यात भरती नाही, कारण प्रत्येक वेळी समोरचा माणूस काही तरी करतो आहे. आपल्या सभेत समोरचा काय करतो? सूत्रसंचालकाने सांगितलं की टाळ्या वाजवतो.

तेव्हा शब्द बोलीतला आहे की पुस्तकी आहे, तोंडी आहे की लेखी आहे, यावर काही ठरत नाही. शब्द काढून पाहा. काढल्यावर वाक्यातलं काही पडलं तर तो कामाचा. काही हललं नाही तर तो फुकटा. आणि काढल्यावर वाक्याखाली भोक दिसलं, म्हणजे कोणी केलं, कुठे केलं, कधी केलं हे तिथे नव्हतंच असं कळलं, तर तो शब्द फुकट्यापेक्षा वाईट. तो झाकण होता.

या झाकणाची किंमत सभेत कळत नाही. पोलीस ठाण्यात कळते.

समजा, वऱ्हाडातल्या कोणत्याही गावची एक म्हातारी फिर्याद द्यायला आली. ती सांगते: “मंग का झालं बाप्पा, मंगळवार होता, बाजाराचा दिवस. मी सकाऊन हापशीवर गेलती. संग माही सून होती अन् शेजारच्या दोघी होत्या. हाटेलच्या बाकड्यावर चार मानसं बसले होते. त तो अमक्याचा मधला पोरगा आला. म्हने, सरक तिकडे. मी म्हनलं, काहून सरकू? त त्यानं माही घागर लाथीनं उडवली अन् जातीवर गेला. काय म्हनला ते सांगू काय? लिवा.” यात ‘मंग’ आहे, ‘बाप्पा’ आहे, ‘त’ दोनदा आहे. शुद्ध मराठीच्या मास्तरला अर्धा डझन चुका सापडतील.

आता शिकलेला कार्यकर्ता तिला बाजूला बसवतो आणि अर्ज लिहून देतो: “सदर दिवशी सदर इसमाकडून सार्वजनिक पाणवठ्यावर फिर्यादीस जातिवाचक शिवीगाळ करून अपमानित करण्यात आले. अशा प्रकारे मानवतेला काळिमा फासणारी घटना घडली असून फुले-शाहू-आंबेडकरांच्या पुरोगामी महाराष्ट्रात ही अत्यंत निंदनीय बाब आहे.”

वाचायला झकास. पण बाकडं गेलं. बाकड्यावरची चार माणसं गेली. सून गेली, शेजारच्या दोघी गेल्या, मंगळवार गेला, लाथ गेली, घागर गेली. तो कोणता शब्द बोलला तेही गेलं. आला काय, तर काळिमा.

आता कायदा काय मागतो ते पाहा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, दुरुस्ती २०१५ ची, लागू २६ जानेवारी २०१६ पासून. जातीवरून अपमान केला, जातीचं नाव घेऊन शिवी दिली, हा गुन्हा व्हायला ते लोकांच्या नजरेसमोरच्या जागी झालेलं असावं लागतं. म्हणजे बाकड्यावरची चार माणसं हा गोष्टीचा फापटपसारा नाही, तो गुन्ह्याचा भाग आहे. नेमके शब्द कोणते, हे आरोपीचा वकील पहिल्याच दिवशी विचारतो. ‘जातिवाचक शिवीगाळ’ हा शिवीचा मजकूर नव्हे, शिवीवर टाकलेलं पोतं आहे. आपल्याला वाटतं, म्हातारीच्या तोंडची ती घाण कागदावर कशाला? पण ती घाण तिची नाही, बोलणाऱ्याची आहे, आणि कागदावर ती त्याच्या नावाने यायला पाहिजे. याच कायद्याच्या चौथ्या कलमात २०१५ पासून स्पष्ट लिहिलं आहे, की तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती सांगणाऱ्याला वाचून दाखवणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. वाचून दाखवा, म्हातारी सांगेल: हे मी म्हनलंच नाई बाप्पा. ‘मानवतेला काळिमा’ मी कायले म्हनन?

म्हातारीचं बोलणं पाल्हाळ आणि कार्यकर्त्याचं लिहिणं मुद्देसूद, असं जे आपण शिकलो ते उलटं आहे. कार्यकर्त्याची वाक्यं दोन असली तरी ती पाल्हाळ आहेत.

यातलं ‘करण्यात आले’ आणि ‘घडली’ हे आपलं नाही. ते कचेरीचं आहे, वर्तमानपत्राचं आहे. तिथे ते मुद्दाम ठेवलेलं असतं. क्रियापद ठेवायचं, करणारा काढून घ्यायचा. ‘परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात’ हे वाक्य किती दंगलींत जसंच्या तसं छापलं असेल! नियंत्रण कोणाचं, कोणावर? ‘सौम्य लाठीमार’ म्हणतात. सौम्य हे कोणाच्या पाठीला विचारून ठरवलं? खैरलांजीची हत्याकांडं २९ सप्टेंबर २००६ ची. त्यानंतर नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले तेव्हा अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मेला. ‘गोळीबारात मृत्यू’ लिहिलं की गोळी जणू वाऱ्याने आली. ‘पोलिसांनी गोळी घातली’ लिहिलं की पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: हुकूम कोणाचा? इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये एक निबंध लिहिला, राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर. निराधार गावांवर बाँब टाकायचे, शेतकऱ्यांना हुसकायचं आणि त्याला शांतता प्रस्थापित करणं म्हणायचं, असं भाषेचं काम चाललं आहे, असा त्याचा मुद्दा होता. हा माणूस बिहारात मोतिहारीला जन्मलेला आणि ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलिसात नोकरी केलेला. झाकणं कशी बनतात ते त्याने कारखान्याच्या आतून पाहिलं होतं.

सरकार झाकण घालतं त्याचं कारण कळतं. आपण कशाला घालतो? १९७४ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या ढाकळी गावी दोन दलित भावांचे डोळे काढले. दलित पँथरने ते प्रकरण थेट पंतप्रधान इंदिरा गांधींपुढे नेलं. गाव, जिल्हा, साल, दोन भाऊ, चार डोळे. याला विशेषण लागत नाही. आणि आजचा आमचा तरुण वक्ता, अकोल्यातच उभा राहून, काय म्हणतो? ‘आज समाजावर अन्याय-अत्याचाराच्या घटना मोठ्या प्रमाणात घडताना आपल्याला दिसून येत आहेत.’ ढाकळी तिथून दूर नाही, पण वाक्यात तिला जागा नाही. ‘अन्याय-अत्याचार’ हा जोडशब्द इतका घासला गेला की त्यातून आता रक्त निघत नाही.

आता आपल्या लिहिण्याकडे वळतो, कारण हे पान कार्यकर्त्यांइतकंच लिहिणाऱ्यांचंही आहे. आपल्या नव्या कवितासंग्रहांच्या प्रस्तावना उघडा. ‘ही कविता म्हणजे वेदनेचा विद्रोही हुंकार आहे.’ ‘दाहक वास्तवाचे जळजळीत चित्रण.’ ‘व्यवस्थेला दिलेला जळता नकार.’ ‘अंधाराला छेद देणारी उजेडाची कविता.’ पुस्तकाचं नाव झाका आणि ही प्रस्तावना दुसऱ्या कोणत्याही संग्रहाला लावा. लागते. तिसऱ्याला लावा, तरी लागते. जी चप्पल प्रत्येक पायात बसते ती कोणाच्याच मापाची नसते. कवीचं गाव प्रस्तावनेत येत नाही, त्याची एक ओळ दुसरीहून बरी का आहे ते येत नाही, पाचवी कविता फसली आहे हे तर येतच नाही.

वेदना, विद्रोह, नकार हे शब्द वाईट होते काय? नाही. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये आलं, ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये, ‘बलुतं’ १९७८ मध्ये. तेव्हा मराठी समीक्षेच्या दुकानात या मालाला मापच नव्हतं. तिथे ‘आशय आणि अभिव्यक्तीचं अद्वैत’ होतं, ‘कलात्मक तटस्थता’ होती, म्हणजे त्यांचीही भरतीच, फक्त रेशमी. त्या दिवसांत ‘नकार’ म्हणणं म्हणजे काही तरी करणं होतं. ज्याने म्हटलं त्याला त्याची किंमत मोजावी लागली. आज तोच शब्द शालीसारखा झाला आहे. सत्कार आहे, घाला अंगावर, नारळ द्या. मी तर म्हणतो, दोन वर्षं आपल्या समीक्षेतून ‘विद्रोह’ हा शब्द बंद ठेवा. कवितेत विद्रोह असेल तर तो कसा आहे हे दुसऱ्या शब्दांत सांगावंच लागेल, आणि नसेल तर तेही उघडं पडेल. ‘प्रस्थापित व्यवस्था’ही सोबत बंद करा. तहसीलदार म्हणा, सावकार म्हणा, संस्थाचालक म्हणा, डोनेशन घेणारा म्हणा. आपल्यातलाच असेल तरी म्हणा.

आपल्याकडे नमुने नाहीत असं थोडंच आहे? मातंग समाजातली मुक्ता, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. त्यात पोरीने सांगितलं काय? मोठ्या इमारतींच्या पायात आमच्या लोकांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. तालमीच्या दारावरून कोणी गेला तर त्याचं डोकं मारून मैदानात त्याचा चेंडू करत. तेल, शेंदूर, पाया, तालीम, चेंडू. शाळकरी मुलीला काळिम्याची गरज पडली नाही. आज पावणेदोनशे वर्षांनीही ते वाचताना माणूस थांबतो तो या वस्तूंपाशी.

कोणी म्हणेल, म्हणजे आखूड लिहायचं. तसंही नाही. जोतिरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्यातली काही वाक्यं इतकी लांब आहेत, की वाचता वाचता दम लागतो. शेतकऱ्याच्या घराचं वर्णन पानभर चालतं. पण प्रत्येक स्वल्पविरामानंतर घरातली आणखी एक वस्तू येते, आणखी एक फाटकी चिंधी, आणखी एक कर्जाची खूण. ते वाक्य लांब आहे कारण दारिद्र्य लांब आहे. एक तुकडा काढून पाहा, घरातलं काही तरी चोरीला गेल्यासारखं वाटतं. उलट ‘मी या ठिकाणी सांगू इच्छितो की’ हे सहा शब्द आखूड असून पाल्हाळ आहेत. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं तेव्हा रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने भरावे लागत. भरती करायला याहून चांगलं निमित्त कोणत्या संपादकाला मिळालं असेल? जागा रिकामी, मदतनीस नाही, अंक काढायचाच. त्यांनी रकाने भरले ते दाखल्यांनी, आकड्यांनी, आणि विरोधकाचं म्हणणं आधी पुरतं मांडून मग ते खोडून. आपल्या अमरावतीच्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. लेखक आपल्या चळवळीतला नव्हे, पण त्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते ती ऐका. घर बुडत चाललं आहे, आणि बाई बोलते पैशाचं, पोराच्या शाळेचं, चुलीचं. ‘संघर्ष’ शब्द तिला ठाऊकही नसेल.

जुन्या लोकांना एक शिस्त कागदानेच लावली होती. स्टेन्सिल कापणाऱ्यांना ठाऊक आहे. लोखंडी लेखणीने मेणकागद खरवडायचा, चूक झाली की औषध लावून वाळू द्यायचं, फुलस्केपच्या एका पानात मावेल तेवढंच. ‘सर्वप्रथम मी सर्व मान्यवरांचे’ असं कोणी लिहून आणलं की कापणाराच त्यावर काट मारायचा. बोटं त्याची दुखत. आता मोबाईलवर जागा फुकट आहे. म्हणून जयंतीच्या बातमीत ‘मान्यवरांनी समयोचित मार्गदर्शन केले, कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडला’ एवढं येतं आणि कोण काय बोललं याचा पत्ता नाही. अशी बातमी कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीसुद्धा लिहिता येते. लिहितातही.

शेवटी निवेदनांबद्दल, कारण ते रोजचं काम आहे. आपलं निवेदन ठरलेलं असतं: ‘उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, संबंधितांवर योग्य ती कार्यवाही करण्यात यावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.’ साहेब ते वाचत नाही, शिक्का मारतो. त्याचं काही चुकत नाही. ‘योग्य ती’ कोणती, ते आपणच त्याच्यावर सोडलं. त्याच्या मते फाईल कपाटात ठेवणं हीच योग्य कार्यवाही असते. ‘संबंधित’ कोण ते आपण सांगितलं नाही. ‘तीव्र’ म्हणजे किती तेही नाही.

पाण्याचं असेल तर असं लिहून पाहा. बौद्धपुऱ्यात घरं किती, नळ किती, गेल्या महिन्यात पाणी किती दिवस आलं ते आकडे. गावाच्या दुसऱ्या टोकाला किती दिवस आलं तेही आकडे, शेजारी शेजारी. व्हॉल्व्ह कोणाच्या ताब्यात आहे त्याचा हुद्दा. ग्रामसेवकाला आधी कोणत्या तारखेला अर्ज दिला त्याची पोच. काय पाहिजे ते: पाइप टाका, नाही तर टाकी द्या, दोन्हींतलं एक, आणि कोणत्या तारखेपर्यंत. आणि खाली ‘तीव्र आंदोलन’ लिहू नका. लिहा, की तोपर्यंत पाणी आलं नाही तर सोमवारी अकरा वाजता आम्ही रिकाम्या घागरी घेऊन तहसीलसमोर बसू. किती जणी येणार ते आधी पुऱ्यात घरोघर फिरून विचारा. सोंगणीचे दिवस असतील तर सोमवार जमणार नाही, हे त्याच सांगतील. मग त्या सांगतील तो वार घाला आणि तेवढाच आकडा लिहा.